जोडीला बसणे

एल्झेअर रांकूरचा डावा गुडघा पुरता वाकत नसे. कॅथलिक चर्चमध्ये सगळे गुडघे टेकत, तेव्हा तो एक पाय बाकाखाली सरळ सोडी आणि पुढच्या रांगेतल्या बाईला त्याचा बूट लागे. ती दर रविवारी वळून डोळे वटारी. तो दर रविवारी हळूच म्हणे, "माफ करा मादाम, हा पाय प्रोटेस्टंट आहे."

हे मला त्याच्या बायकोने, डेलिमाने सांगितले. मी फिन, म्हणजे फिनलंडहून आलेला. त्यांच्या चर्चमध्ये माझे काम नव्हते. माझे काम रिंकवर होते.

टॅमरॅकच्या सोन्याच्या खाणीत मी चौदा वर्षे खाली लाकडी टेकू ठोकले. पाठ गेली तेव्हा कंपनीने मला वर आणून रिंक सोपवली. पत्र्याच्या छपराखालचे बर्फाचे मैदान. बर्फ आपोआप होतो असे लोकांना वाटते. होत नाही. आधी जमीन गोठू द्यावी लागते. मग गरम पाण्याचा पातळ थर द्यायचा, तो दगडासारखा झाल्यावर दुसरा. मी तीस थर देत असे. घसरगाडीवर पाण्याचे पिंप, पिंपामागे लोंबणारे गोणपाट, आणि ओढायला मी. शेजारच्या ब्लू लेक गावचा रिंकवाला वीस थरांवर भागवी. त्याचा बर्फ मार्चमध्ये खिरीसारखा होई.

एल्झेअर पहिल्यांदा माझ्या रिंकवर आला तेव्हा त्याने बर्फावर टाच आपटली, वाकून कान दिला आणि विचारले, "किती थर?"

"तीस."

"खोटं बोलतोस. अठ्ठावीस."

मी वही काढून दाखवली. त्याने टोपी काढली. तेव्हापासून आमचे जमले.

पैसे घेऊन बर्फावरची हॉकी खेळणाऱ्या पहिल्या माणसांपैकी तो एक. नदीकाठच्या एका शेतावर बारा भावंडांत सातवा. हिवाळ्यात लाकूडतोड्यांच्या तळावर जाई आणि सुट्टीत गोठलेल्या नदीवर खेळे. तिथे उत्तरेकडच्या चांदीच्या खाणीतला एक माणूस आगगाडीचे तिकीट घेऊन आला. आईने विचारले, "खेळायचे पैसे देणार? मग काम काय करायचं?" एल्झेअर म्हणाला, "हेच." तिला पटेना. ती पाद्र्याकडे गेली. पाद्रीबाबांनी रात्रभर विचार केला आणि सांगितले की याला पाप म्हणावे असे पुस्तकात कुठे सापडत नाही, पण काम म्हणावे असेही सापडत नाही.

तेव्हाचे खेळाडू कुणा एका गावाचे नसत. जास्त देईल त्याची गाडी पकडत. एका हिवाळ्यात एल्झेअर तीन गावांकडून खेळला. एकदा तर सामना संपल्या संपल्या स्टेशनवर पळाला. मागून कप्तान धावत आला. तो ओरडत होता, "अरे हरामखोरा, जा हवं तर, पण शर्ट दे! शर्ट आमचा आहे!" एल्झेअरने सुटत्या गाडीच्या खिडकीतून शर्ट फेकला आणि उघड्या अंगावर कोट घालून तीस मैल गेला. ही गोष्ट सांगताना तो प्रत्येक वेळी काकडून दाखवी.

तेव्हा एका बाजूला सात गडी असत. एल्झेअर सातवा, म्हणजे कुठेही फिरणारा. सगळा बर्फ त्याचा. पूर्ण साठ मिनिटे तेच सात जण. बदली नाही. पायांना नडगीवर टपालाने माल मागवायची जुनी जाड पुस्तके बांधायची, की झाले चिलखत. आणि एक रीत होती. एखादा गडी दुखावला आणि उठेना, तर समोरचा कप्तान आपलाही एक गडी उतरवी. मग ते दोघे, एक या गावचा आणि एक त्या गावचा, एकाच बाकावर एका घोंगडीत बसून उरलेला सामना बघत. याला जोडीला बसणे म्हणत. जोडीला बसणाऱ्याला कुणी हसत नसे. दुखावलेला माणूस एकटा राहू नये, एवढाच अर्थ.

एल्झेअर सत्तावीस वर्षांचा असताना त्याच्या गुडघ्यावर काठी बसली. तो पडला. समोरचा एक दांडगा लाल केसांचा गडी, लॅक्लन नावाचा, जोडीला बसायला निघालासुद्धा होता. कठड्यावरून एक पाय पलीकडे टाकला होता त्याने. एल्झेअरने गुडघ्याला घोड्याचा पट्टा आवळला आणि उठला. लॅक्लनला परत यावे लागले. राहिलेली वीस मिनिटे एल्झेअर खेळला, त्याचा संघ जिंकला, लोकांनी त्याला खांद्यावर घेऊन मुक्कामाच्या खाणावळीपर्यंत नेले. सकाळी पाय जमिनीला टेकेना. हॉकी तिथे संपली.

नंतर पंधरा वर्षे त्याने लाकडाच्या तळांवर करवतींना धार लावली. मग टॅमरॅकला आला. कंपनीला संघ हवा होता. त्याला कोच केले आणि दिव्यांच्या खोलीत बसवले. खाली जाणाऱ्याला दिवा द्यायचा, वर येणाऱ्याकडून घ्यायचा. ती जागा कोचची.

कोच म्हणून तो कडक होता, पण उगाच कडक नव्हता. पहिला महिना खेळायची रबरी चकती द्यायचा नाही. नुसते पळवायचा. नंतर प्रत्येकाच्या हनुवटीखाली पुठ्ठ्याचा गळपट्टा बांधायचा, म्हणजे खाली बघितले तरी काठी दिसू नये. म्हणायचा, "चकती कुठे आहे ते हाताला कळलं पाहिजे. डोळे माणसांसाठी ठेवा." सराव संपला की सगळ्यांना माझे पिंप ओढायला लावी. पोरे कुरकुरत. "म्हातारबा, आम्ही खेळाडू आहोत की बैल?" तो सांगे, "बैलाला विचारा. तो म्हणेल, यांना आमच्यात घेऊ नका."

त्याचा एक नियम मात्र मला त्या वेळी बरोबर वाटे आणि आता वाटत नाही. सामना संपेपर्यंत कुणी बर्फावरून उतरायचे नाही. तोवर खेळाचे कायदे बदलले होते. सहा गडी झाले होते, बदली खेळाडू चालत. बाकीचे संघ चार-पाच मिनिटांनी माणसे बदलत. आमच्या बाकावरही दोन राखीव बसत. सात हिवाळ्यांत एल्झेअरने त्यांच्याकडे वळून पाहिले नाही. त्यातला ओनेझिम हा लाकडाच्या गाड्या हाकणारा लठ्ठ, शांत माणूस. लोक त्याला 'कोटवाला' म्हणत, कारण खेळणाऱ्यांचे कोट तो सांभाळी. एल्झेअरने गड्याला बर्फावरून बाहेर बोलावले तर त्याचा अर्थ गावात एकच होई: हा दारू पिऊन आला आहे किंवा हा संपला. मीही टाळ्या वाजवणाऱ्यांत होतो. साठ मिनिटे काम म्हणजे साठ मिनिटे.

माझा भाऊ रेनो माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान. आई गेल्यावर मीच वाढवला. सहा वर्षे त्याने खाली खडकात भोके पाडली. कोरडे यंत्र, पिठासारखी धूळ. मग त्याला खोकला लागला. थुंकीत करडा रंग. आम्ही सगळे तो खोकला ओळखत होतो. त्याचे नाव कुणी घेत नसे.

एल्झेअरने त्याला संघात घेतले. रेनो चांगला खेळे, पण फार चांगला नव्हे. संघातल्या माणसाला कंपनी वरचे काम देई, धुळीपासून लांब. रेनोला माणसे उतरवणाऱ्या पाळण्याच्या यंत्रावर ठेवले. संघातून गेला की पुन्हा खाली. मी एल्झेअरला कधी विचारले नाही की त्याने हे जाणूनबुजून केले का. त्यानेही सांगितले नाही. डेलिमा तेवढे म्हणाली, "तुझ्या भावाचा दिवा परत आल्याशिवाय हा खोलीतून हलायचा नाही, तोइव्हो. मी बघितलंय."

तीन हिवाळे बरे गेले. चौथ्या वर्षी फेब्रुवारीत, एका पहाटे, मी पिंप ओढत होतो आणि एल्झेअर कठड्याला टेकून उभा होता. आदल्या दिवशीच्या सामन्यानंतर रेनो कपड्यांच्या खोलीत बराच वेळ भिंतीला हात लावून उभा राहिला होता. आम्ही दोघांनी पाहिले होते.

"किती दिवस?" मी विचारले.

"मला काय विचारतोस? मी काय डॉक्टर आहे?"

"कंपनीचा डॉक्टर पहिल्या रांगेत बसतो. शेजारी मॅनेजर. तू रेनोला बाहेर बोलावलंस की दोघंही बघणार. दुसऱ्या दिवशी तपासणी, तिसऱ्या दिवशी पोरगा पुन्हा खाली."

"आणि नाही बोलावला तर?"

मी गाडी ओढत राहिलो. पाणी थांबले की थरात वळ पडतो.

मी फेरी पूर्ण करून आलो तेव्हा तो म्हणाला, "तुला लॅक्लनची गोष्ट पुरी सांगितली नाही मी."

"शंभरदा सांगितलीस."

"पुरी नाही. माझा गुडघा गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी तो खाणावळीत आला. सोबत वाटाण्याचं सूप घेऊन. खाटेवर बसला, सूप मला द्यायच्या ऐवजी स्वतःच अर्धं प्यायला. म्हणाला, 'रांकूर, गाढवा, कशाला उठलास? माझाही दम संपला होता. तुझ्या जोडीला बसायला मिळणार म्हणून देवाचे आभार मानत होतो मी.'" एल्झेअरने नाक पुसले. "दोघं बसलो असतो, तोइव्हो. दोघंही बसायला तयार होतो. मी उठलो, म्हणून त्यालाही उठावं लागलं."

"मग हे लोकांना का नाही सांगितलंस?"

"लोकांनी खांद्यावर घेतलं होतं ना. तिथून उतरायचं कसं?"

अंतिम सामना मार्चच्या दुसऱ्या शनिवारी, दुपारी, ब्लू लेकशी. तीन दिवस थंडी सैल पडली होती. छपरावरून पाणी टपकत होते. मी पहाटेपासून सगळ्या खिडक्या उघड्या ठेवल्या, बर्फावर पोती अंथरली, तरी सामन्याच्या वेळी वर बोटभर पाणी होते. खालचा बर्फ टिकला. पण ओल्या बर्फात प्रत्येक पावलाला दुप्पट जोर लागतो. ब्लू लेककडे चार राखीव होते, ते सारखे बदलत होते. आमचे तेच सहा.

दोन-दोन गोल झाले. शेवटच्या वीस मिनिटांत रेनोचे ओठ निळे दिसू लागले. शिट्टी वाजली की तो काठीवर वाकून उभा राही, जणू स्केटची दोरी बघतो आहे. दोरी बघायला इतका वेळ लागत नाही. डॉक्टरने चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला. मी एल्झेअरच्या मागे, खोरे धरून उभा होतो. मी म्हणालो, "बोलाव त्याला. खाली तर खाली. आत्ता मेला तर?"

एल्झेअर रेनोकडेच बघत होता. त्याचे ओठ हलत होते. प्रार्थना असेल किंवा शिव्या. तो दोन्ही एकाच सुरात म्हणे.

तेवढ्यात ब्लू लेकचा एक गडी, डंकन नावाचा, कठड्यावर आदळला आणि खांदा धरून बसला. त्याला धरून बाकावर नेले. त्यांचा कोच, तिशीतला माणूस, राखीव गडी पाठवायला वळला.

एल्झेअरने कठडा ओलांडला. ओव्हरकोट, जाड बूट, न वाकणारा पाय. पाण्यातून फताक फताक करत तो मैदानाच्या मध्यापर्यंत गेला. सगळ्या रिंकला ऐकू जाईल असे ओरडला:

"रेनो! त्यांचा माणूस दुखावलाय. आपल्यातून तू. जा, त्याच्या जोडीला बस."

पंच घसरत जवळ आला. "रांकूर, बाहेर हो! हा नियम वीस वर्षांपूर्वी गेला."

"नियम कोण म्हणालं? मी रीत म्हणतोय."

"त्यांचा बदली गडी येणार. तुझी रीत ते पाळणार नाहीत."

"त्यांना सांगतोय कुठे मी? मी माझ्या माणसाला सांगतोय."

रेनो हलेना. हे आपल्याला बसवण्याचे निमित्त आहे हे त्याला कळले होते, आणि म्हणूनच हलेना. एल्झेअर त्याच्याजवळ गेला. काय बोलला ते रेनोने मला बऱ्याच वर्षांनी सांगितले. म्हणाला, "बाळा, मी एकदा हे केलं नाही. माझ्यासाठी कर."

बाकांवर गलका सुरू झाला होता. "म्हातारा चळला!" "अंतिम सामना आहे, लग्न नव्हे!" मग वरच्या रांगेत एक म्हातारा खाणकामगार उभा राहिला. चांदीच्या गावात राहिलेला. त्याने टोपी काढली. त्याच्या मागे आणखी पाच-सहा उठले. टोप्या काढल्या. गलका खाली बसला. रेनो ताठ, सावकाश, सगळा बर्फ ओलांडून ब्लू लेकच्या बाकापाशी गेला आणि डंकनच्या शेजारी बसला. डंकनला काही कळेना. पण त्याने आपल्या घोंगडीचे एक टोक उचलले. त्या घोंगडीत रेनोला पाहिजे तितके खोकता आले.

आता रेनोच्या जागी माणूस हवा होता. एल्झेअर कठड्याशी आला आणि सात वर्षांत पहिल्यांदा आपल्या बाकाकडे वळला.

"ओनेझिम! आत ये!"

ओनेझिमने मांडीवरचे चार कोट बाजूला केले. त्याच्या पायांत जाड लोकरी नमद्याचे बूट होते. स्केट बाकाखाली, दोऱ्या सुटलेल्या, एका स्केटमध्ये अर्धे सँडविच.

"स्केट का नाही घातलेस रे?" एल्झेअर किंचाळला.

"सात वर्षं सामन्याला घालत होतो का, म्हातारबा?" ओनेझिम खरोखर आश्चर्याने म्हणाला. "पाय गार पडतात."

पंच थांबला नाही. ओनेझिम दोऱ्या ओवत होता. मी एक स्केट बांधत होतो, एल्झेअर ताठ पायाने पाण्यात बसून दुसरा. आमचे पाच, त्यांचे सहा. दीड मिनिट लागले. तेवढ्यात ब्लू लेकने गोल केला.

मग ओनेझिम आत गेला. वाईट खेळला नाही. सात वर्षे तो पुठ्ठ्याचा गळपट्टा लावून सराव करत होता, ते हातात होतेच. दोनदा त्याने चकती अडवली. एकदा त्यांचा सर्वांत जलद गडी त्याच्यावर आदळून पडला, आणि ओनेझिमने "लागलं का रे?" विचारले. पण गोल फिटला नाही. तीन-दोन. आम्ही हरलो.

हरलो ते आमच्या सवयीने. रीत पाळल्यामुळे नव्हे. गावाने मात्र रीतीला दोष दिला, आणि एल्झेअरने देऊ दिला.

सोमवारी मॅनेजर दिव्यांच्या खोलीत आला. वाईट माणूस नव्हता. म्हणाला, "रांकूर, चांगलं केलंस, पण पुढच्या वर्षी दुसरा कोच बघतो." एल्झेअर म्हणाला, "बघा. त्याला सांगा, राखीवांच्या पायांत स्केट आहेत का ते आधी तपास." डॉक्टरने रेनोला बोलावले नाही. त्याने जे पाहिले होते ते सगळ्या गावाने पाहिले होते: एक धडधाकट खेळाडू दुसऱ्या गावच्या जखमी पोराशेजारी सभ्यपणे जाऊन बसला. डंकनच्या आईने रेनोला लोकरीचे हातमोजे पाठवले. मॅनेजरने ते सगळ्यांना दाखवले. कंपनीचे नाव झाले. अशा माणसाला खाली कोण पाठवणार? नव्या कोचनेही त्याला संघात ठेवले. तो पाच मिनिटे खेळवी, पाच बसवी. सगळ्यांनाच बसवी.

रेनो आणखी अकरा वर्षे जगला, सगळी पाळण्याच्या यंत्रावर. लग्न झाले, मुलगी झाली. धूळ छातीतून निघत नसते. पण अकरा वर्षे ही अकरा वर्षे असतात.

दिव्यांची जागा कोचची, ती नव्याकडे गेली. एल्झेअर माझ्याकडे आला आणि घसरगाडीचा एक दोर स्वतःच्या खांद्यावर घेतला. मी म्हणालो, "तुझ्या पायाला हे झेपणार नाही." तो म्हणाला, "पोरांकडून सात वर्षं ओढून घेतलं. बघू तरी काय होतं ते." आम्ही नऊ हिवाळे मिळून ओढले. तो आला आणि मी बत्तीस थर देऊ लागलो.

शेवटच्या हिवाळ्यात, एका पहाटे, विसाव्या की एकविसाव्या थराला, तो मैदानाच्या मध्ये थांबला. मी आधी ओरडणार होतो. पाणी थांबले की वळ पडतो, हे त्याला माझ्याइतकेच ठाऊक होते. त्याने खांद्यावरचा दोर काढला, नीट गुंडाळून गाडीवर ठेवला.

"तोइव्हो," तो म्हणाला, "मी जरा उतरतो."

इतक्या वर्षांत हे वाक्य मी त्याच्या तोंडून ऐकले नव्हते. तो कठड्यापर्यंत गेला, बाकावर बसला, ताठ पाय पुढे सोडला. मी पिंपाची तोटी बंद केली आणि जाऊन त्याच्या शेजारी बसलो. त्याने माझ्याकडे पाहिले.

"तुला काय झालं?"

"काही नाही. माझाही दम संपला होता."

तो हसला. घोंगडी नव्हती, म्हणून एक कोरडे गोणपाट पायांवर घेतले. आम्ही बसून राहिलो, खिडक्या उजळेपर्यंत. पिंपातले पाणी गोठले. थरात मोठा वळ पडला होता. त्याला घरी सोडून आल्यावर मी तो तासून काढला, पाणी पुन्हा गरम केले आणि तो थर पहिल्यापासून दिला.